हार वाचण्याची विद्या

तुमसर तालुक्यातील सिहोरा हे धानाच्या बांध्यांचे गाव. जवळ चांदपूरचा तलाव, एका अंगाला बावनथडीचे पात्र आणि थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशाची हद्द. दिवाळी सरली, धान खळ्यावर आले, की या मुलुखात गावोगावी मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते, आणि कुस्तीचा शौक जिथे टिकून आहे तिथे दंगलही होते. अशा ठिकाणच्या वाचकापुढे व्हिडिओ गेमचा विषय काढावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आज घरातल्या पोराच्या हातात जो खेळ आहे, त्याचे मूळ शोधू गेल्यास आपण पुन्हा आखाड्याच्या मातीतच येऊन पोहोचतो. ते कसे, हे पाहण्यासाठी हा लेख.

पडद्यावर दोन लढवय्ये समोरासमोर उभे असतात. एक आपला, एक दुसऱ्या खेळाडूचा. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याच्या शक्तीची पट्टी असते. वार बसला की ती कमी होते, आणि ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला. 'स्ट्रीट फायटर', 'टेकन' ही या खेळांची प्रसिद्ध नावे. नवा खेळाडू यात उतरला की दहापैकी दहा लढती हरतो. मग तो विचारतो, मी सुधारणार कसा? त्याला दोन उत्तरे ठरलेली मिळतात. एक जण म्हणतो, 'अरे, हात चपळ लागतात, ते जन्मजातच असावे लागतात.' दुसरा म्हणतो, 'खेळत राहा, आपोआप येईल.' पहिल्या उत्तराने पोरगा निराश होतो. दुसऱ्याने तो वर्षभर खेळतो आणि होता तिथेच राहतो.

वाचकहो, या प्रश्नाचे तिसरे एक उत्तर आपल्या देशात फार जुने आहे. आपण कसे हरलो हे ज्याला वाचता येते, तोच नवशिका पुढे सरकतो. नुसते जिंकणे त्याला फारसे शिकवीत नाही, आणि नुसते हरणे तर मुळीच नाही. तालमीची सारी व्यवस्था नीट पाहिली तर ती या एका गोष्टीसाठी उभी केलेली दिसते. हार स्वस्त व्हावी, आणि ती समजावी.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. ग्रंथाचा काळ इ. स. ११३१ च्या सुमाराचा. राजाने मल्ल कसे पोसावेत, त्यांना खायला काय द्यावे, मेहनत कशी करून घ्यावी, हे त्यात आले आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे त्यात मल्लांच्या प्रती लावलेल्या आहेत. सगळे मल्ल एका मापाने मोजायचे नाहीत, ही समज बाराव्या शतकात होती. खांबावरच्या मेहनतीचाही त्यात उल्लेख आहे, आणि मल्लखांबाचा इतिहास सांगणारे तो उल्लेख आवर्जून दाखवितात. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे रूप दिले, अशी परंपरा आहे.

मल्लखांब म्हणजे काय, याचा क्षणभर विचार करा. तो मल्लाचा खांब. तो उलटून वार करीत नाही, घाम येऊन निसटत नाही, चिडत नाही. एकच पकड शंभर वेळा घोटायची असेल तर जिवंत जोडीदार कंटाळेल. खांब कंटाळत नाही. मात्र खांबावर तरबेज झालेला गडी आखाड्यात उतरला की पहिल्या मिनिटात त्याला कळते की, खांब आपल्याला कधी फसवीत नव्हता. म्हणून जुन्या वस्तादांनी दोन्ही गोष्टी ठेवल्या. खांब हात बसावा म्हणून, आणि माती डोके बसावे म्हणून.

ती मातीदेखील विचारपूर्वक केलेली असते. चाळून घेतलेली, मऊ, तेल-ताक-हळद घालून मळलेली. ती मऊ का? पडणाऱ्याला लागू नये म्हणून. नवा पठ्ठा दिवसातून वीस वेळा पडणार हे तालमीने गृहीतच धरलेले असते. तो पडला की वस्ताद काठावरून ओरडतो, 'पाय मागं का ठेवला?' एवढाच प्रश्न. पण त्या प्रश्नाने पडण्याचे कारण पडणाऱ्याच्या हाती येते. उद्या तो पाय मागे ठेवणार नाही. मग दुसऱ्या कारणाने पडेल. दुसऱ्या कारणाने पडणे, हीच नवशिक्याची प्रगती.

तालमीच्या भाषेत तीन शब्द आहेत: डाव, तोड आणि जोड. डाव म्हणजे समोरच्याला पाडण्याची युक्ती. तोड म्हणजे त्या डावावरचा उतारा. जोड म्हणजे आपल्या ताकदीला साजेसा प्रतिस्पर्धी. धोबीपछाड, ढाक, कलाजंग अशी डावांची नावे ऐकून पोरांना भुरळ पडते. पण वस्ताद आरंभी एखाद-दुसराच डाव देतो, आणि त्या डावाची तोडही सांगतो. कारण तोड माहीत असल्याखेरीज डाव का फसला हे कळत नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ पासून मराठी 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले, आणि तोंडी चाललेली ही विद्या कागदावर आली. आपल्या विदर्भात अमरावतीला १९१४ मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिला शाळेची शिस्त दिली. असे असले तरी पुस्तकातले चित्र पाहून कोणी पैलवान झाला नाही. चित्र डाव दाखविते. आपला पाय कुठे चुकला ते दाखवीत नाही.

इथे तालीम आणि मैदान यांतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधले. १९०२ च्या युरोप प्रवासात रोमचे जुने क्रीडागार पाहून त्यांना ही कल्पना सुचली, आणि १९१२ मध्ये मैदान खुले झाले. हजारो लोक चारही बाजूंनी बसावेत आणि प्रत्येकाला मधली लढत दिसावी, अशी त्याची रचना आहे. तिथली हार महाग. गावाचे नाव जाते, वस्तादाची मान खाली जाते. तालमीतली हार मात्र कोणी मोजीत नाही. ज्याने आपले सर्व हरणे मैदानासाठी राखून ठेवले, तो मैदानात हरणारच. आजचा नवा खेळाडू पडद्यावरची प्रत्येक लढत खासबागची समजून खेळतो, आणि म्हणून एक हार झाली की बटणांवर राग काढू लागतो. त्याला तालीम अशी वेगळी जागा असते, हेच कोणी सांगितलेले नसते.

आता एका थोर पैलवानाचे उदाहरण घेऊ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीवर मुरलेले मल्ल होते. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा तिथे माती नव्हती. गादी होती, आणि नियम परके होते. मातीतला जाणता मल्ल तिथे एका अर्थाने नवशिकाच होता. लंडनमध्ये त्यांना रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाचे मार्गदर्शन मिळाले. पहिल्या लढती त्यांनी जिंकल्या, पुढे इराणच्या मल्लाकडून ते हरले, आणि त्यांचा सहावा क्रमांक लागला. पुढची चार वर्षे त्यांनी कसून मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तसे दुसरे पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले. लंडनमधील सहाव्या क्रमांकाला कोणी अपयश म्हटले असते. खाशाबांच्या आयुष्यात तोच क्रमांक हेलसिंकीच्या वाटेवरचा पहिला टप्पा ठरला, आणि त्या वाटेवर चालायला त्यांना वस्तादही लागला, गावही लागले.

आता मातीवरून पडद्याकडे वळू. १९८७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने 'स्ट्रीट फायटर' हा खेळ काढला, आणि १९९१ मध्ये त्याचा दुसरा भाग. हा दुसरा भाग जगभर गाजला. त्याच्या घडणीत एक मौजेची गोष्ट झाली. चाचणी घेताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आले की, एक वार बसून समोरचा सावरण्याच्या आत दुसरा वार सोडता येतो, आणि तो चुकविता येत नाही. हे साधणे फार अवघड असल्याने कोणी फारसे वापरणार नाही, असे समजून त्यांनी ते तसेच राहू दिले. पण खेळणाऱ्यांनी ते हुडकून काढले. एका वाराला दुसरा वार जोडण्याची ही साखळी म्हणजेच आजचा 'कॉम्बो'. पुढे सर्व लढतीच्या खेळांचा तो कणा झाला. डाव वस्तादाने शोधावा आणि पठ्ठ्यांनी त्याला नवी जोडणी द्यावी, असे आखाड्यात होत आले आहे. तेच यंत्रावर घडले.

नव्वदच्या दशकात आपल्या शहरांतून व्हिडिओ पार्लरे निघाली. नाणे टाकून खेळायची उभी यंत्रे तिथे असत. 'किंग ऑफ फायटर्स', पुढे 'टेकन' असे खेळ तिथे चालत. नियम सरळ असे: जिंकेल तो खेळत राहील, हरेल तो उठेल आणि पुन्हा खेळायचे तर पुन्हा नाणे टाकील. म्हणजे इथली हार थोडी महाग होती. खिशाला चाट होती. पण त्या गर्दीत एक फायदा होता. उठलेला पोरगा घरी जात नसे. तो मागे उभा राहून जिंकणाऱ्याचे हात बघे. शेजारचा कोणी म्हणे, 'तू दर वेळी उडी मारतोस, म्हणून तो खाली थांबून मारतो.' हाच तो काठावरच्या वस्तादाचा प्रश्न. पार्लरे आता बहुतेक बंद झाली. घरोघरी यंत्रे आली, आणि हा मागे उभा राहणारा माणूस नाहीसा झाला.

आता हाताच्या चपळाईबद्दल जो समज आहे, तो आकड्यांनी तपासून पाहू. हे खेळ साधारणतः सेकंदाला ६० चित्रे दाखवितात. म्हणजे एक चित्र एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतके टिकते. हलका ठोसा सुरू होऊन लागेपर्यंत अवघी चार-पाच चित्रे जातात. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला धडधाकट माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा भाग लागतो. म्हणजे बारा ते पंधरा चित्रे. हिशेब उघड आहे. हलका ठोसा पाहून अडविणे कोणालाच शक्य नाही, जगज्जेत्यालाही नाही. तो अडवितो, कारण ठोसा येण्याची जागा त्याने आधीच ओळखलेली असते. उलट, समोरच्याने मारलेली उडी अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ हवेत असते. ती कोणालाही दिसते, नवशिक्यालाही. तेव्हा नवशिक्याने कशाकडे पाहावे हे ठरलेच. जे दिसू शकत नाही त्याच्यामागे धावू नये. जे दिसते, ते आधी साधावे.

दुसरी गोष्ट अशी की, या खेळांच्या मुळाशी एक लहानसे चक्र असते. वार अडविता येतो. अडवून बसलेल्याला पकडून फेकता येते. पकडायला आलेल्याला वार करून थोपविता येते. तिन्ही गोष्टी एकमेकींना पुरून उरतात. एकच एक गोष्ट कायम जिंकून देत नाही. नवा खेळाडू बहुधा फक्त वार करतो. त्याला वाटते, आपण कमी वार केले म्हणून हरलो. खरे पाहता तो एकाच कोपऱ्यात उभा असतो, आणि समोरच्याला ते केव्हाच कळलेले असते. कुस्तीत नुसता पट काढायला धावणाऱ्याचे जे होते, तेच याचे होते.

मग आरंभ कसा करावा? लढवय्या एकच निवडावा आणि काही महिने बदलू नये. त्याचे सर्व डाव पाठ करू नयेत. एक लांबून मारण्याचा वार, एक उडी मारणाऱ्याला खाली आणण्याचा वार, एक पकड आणि एक सोपी साखळी, एवढे पुरे. आजच्या खेळांत सरावाची वेगळी खोली असते. तिथे समोरचा लढवय्या नुसता उभा राहतो. हा आपला मल्लखांब. तिथे रोज पंधरा मिनिटे हात बसवावा. त्यानंतर खऱ्या माणसाशी लढावे, आणि त्या दिवशी एकच गोष्ट मोजावी. उदाहरणार्थ, 'आज समोरच्याने दहा उड्या मारल्या, त्यांतल्या मी किती पाडल्या?' लढत हरली आणि सहा पाडल्या, तर तो दिवस चांगला गेला. खेळलेली लढत यंत्र जपून ठेवते. ती पुन्हा पाहता येते. शेवटचा वार सगळ्यांना आठवतो, पण पराभवाचे बी त्याच्या बरेच आधी पडलेले असते. ती जागा सापडेपर्यंत मागे जाऊन पाहावे. यंत्राच्या बनावट खेळाडूला हरवून मात्र फुगून जाऊ नये. तो ठरलेल्या चालीने चालतो. त्याच्याशी जिंकणे हे नुरा कुस्ती जिंकण्यासारखेच.

कसलेल्या खेळाडूंचे पराक्रम पाहून नवशिक्याची कधी कधी दिशाभूल होते. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेली एक स्पर्धा पुढे 'इव्हो' या नावाने प्रसिद्ध झाली. तिथे २००४ मध्ये जपानचा दाइगो उमेहारा आणि अमेरिकेचा जस्टिन वाँग यांची लढत झाली. उमेहाराच्या लढवय्याची शक्ती इतकी सरली होती की, अडविलेल्या वारानेही तो संपला असता. वाँगने सलग पंधरा वारांचा मोठा डाव टाकला. उमेहाराने पंधराच्या पंधरा वार ऐन वेळेला झेलून परतविले आणि लढत जिंकली. प्रेक्षक खुर्च्यांवरून उठले. ती चित्रफीत आजही जगभर पाहिली जाते. पण दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. तो डाव येणार हे उमेहाराने आधी ताडले होते. नुसते पाहून पहिला वार झेलणे जवळजवळ अशक्य असते. आणि त्या दिवशी स्पर्धा त्याने जिंकली नाही. अंतिम लढतीत केंजी ओबाता या दुसऱ्या जपानी खेळाडूने त्याला हरविले. ज्याच्या पराक्रमाची इतकी वर्षे चर्चा चालली, तोही त्याच दिवशी हरून घरी गेला. पहिल्या महिन्यातल्या हारींनी पोराने खचून जाण्याचे मग कारण ते काय?

आता राहिली जोड. दंगलीत पंच दोघांना उभे करून नजरेने तोलतात, खांदे पाहतात, मागच्या लढती विचारतात, आणि जोड लावतात. पडद्यावर हे काम आकडा करतो. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ आर्पाद एलो यांनी बुद्धिबळपटूंसाठी गुणांची एक पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघाने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. बलवानाला हरविले तर गुण जास्त वाढतात, दुबळ्याकडून हरले तर जास्त घटतात, असे तिचे सूत्र आहे. आजचे अनेक खेळ याच विचारावर आधारलेल्या पद्धतींनी जोड लावतात. तेव्हा आपले गुण घटले की नवशिक्याने वाईट वाटून घेऊ नये. यंत्र त्याचा अपमान करीत नसते. त्याला साजेसा गडी शोधीत असते. मातीवर वजनाचा प्रश्न असतो, पडद्यावर तो नाही. म्हणून बहीण-भाऊ, मामा-भाचा, काका-पुतणी अशा जोडीही इथे लागू शकतात. आखाड्याने मुलींना फार काळ बाहेर ठेवले. पडद्याला तसे करण्याचे काही कारण नाही, आपणच केले नाही तर.

सिहोऱ्याच्या पोराला एक अडचण मात्र खरोखरीची आहे, आणि ती अंतराची. लढत दूरच्या खेळाडूशी असेल तर दोघांच्या बटणांचा निरोप तारेतून जावा लागतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरला पाच सहस्रांश सेकंद, हा कमीत कमी हिशेब. रस्ता वळणावळणाचा असला की अधिक. मुंबई-पुण्याचा गडी त्यामुळे चालून जातो. टोकियो सुमारे सहा हजार किलोमीटर दूर. तिथे एका बाजूचा निरोप पोहोचायलाच जवळजवळ दोन चित्रांचा वेळ जातो. पूर्वीची यंत्रे समोरच्याचा निरोप येईपर्यंत थांबून राहत, आणि खेळ चिखलातून चालल्यासारखा वाटे. 'इव्हो'च्या संस्थापकांपैकी टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये निराळी युक्ती प्रचारात आणली. यंत्राने थांबायचे नाही. समोरचा जे करीत होता तेच करीत असेल असे धरून पुढे जायचे, आणि अंदाज चुकला तर क्षणात मागे येऊन दुरुस्त करायचे. या युक्तीने लहान गावातला खेळाडू मोठ्या शहरातल्याशी लढू लागला. अर्थात मुळात रेंजच नसेल तर कोणतीच युक्ती चालत नाही, हे आपल्या भागात सांगायला नको.

तरीही अंतराहून मोठी गोष्ट संगतीची आहे. याची साक्ष लाहोर देते. गामा पैलवानाने आपले अखेरचे दिवस ज्या लाहोरात काढले आणि जिथे १९६० मध्ये त्याचा अंत झाला, त्याच शहरातला अर्सलान सिद्दिकी २०१९ च्या फेब्रुवारीत जपानच्या 'इव्हो'त 'टेकन' खेळायला गेला. व्हिसा आणि विमाने यांच्या अडचणींतून तो कसाबसा पोहोचला, आणि नामांकित जपानी-कोरियन खेळाडूंच्या गर्दीत त्याने स्पर्धा जिंकली. त्याच वर्षी अमेरिकेतली मोठी स्पर्धाही त्याने घेतली. लोकांना वाटले, हा कुठून उगवला? तो एकटा उगवला नव्हता. आपल्या देशात आपल्या तोडीचे कितीतरी खेळाडू आहेत, असे त्याने सांगितले. ते सगळे एकत्र बसून रोज एकमेकांशी लढत. जगाला त्यांची माहिती नव्हती, पण त्यांना एकमेकांची होती. चांगली तालीम याहून वेगळी काय असते?

पालकांच्या मनात इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. कुस्तीने शरीर होते. यात काय होते? शरीर होत नाही, हे कबूल केले पाहिजे. तासन् तास बसून डोळे आणि पाठ यांची हानीच होते. म्हणून वेळेची मर्यादा हवी, आणि मैदानावर घाम गाळणे सोडू नये. खेळाला आता मान मिळतो आहे, हेही खरे. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई खेळांत 'स्ट्रीट फायटर'ला पदक होते. भारताचेही खेळाडू तिथे उतरले, आणि दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी वयाच्या ४४ व्या वर्षी सुवर्णपदक जिंकले. चपळ हातच सर्व काही असते, तर ते पदक एखाद्या विशीतल्या पोराला मिळाले असते. मात्र पैसे लावून खेळायचे जे प्रकार मोबाइलवर निघाले, त्यांचा या विद्येशी काही संबंध नाही. भारताच्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून असे पैशाचे खेळ निषिद्ध ठरविले, आणि स्पर्धात्मक खेळांना त्यांच्यापासून निराळे काढले. हा भेद घराघरात समजला पाहिजे. जिथे हारीची किंमत खिशातून जाते, तिथे कोणी शिकत नाही. तिथे माणूस फक्त वसुलीच्या मागे लागतो.

तेव्हा सिहोऱ्याच्या, बपेऱ्याच्या, तुमसरच्या वाचकाने एवढे करून पाहावे. घरातला मुलगा किंवा मुलगी असा खेळ खेळत असेल, तर 'जिंकलास का?' असे विचारू नये. 'आज कशाने हरलास?' असे विचारावे. पहिल्या दिवशी उत्तर येईल, 'समोरचा लय भारी होता.' तेवढ्यावर सोडू नये. 'भारी म्हणजे काय करत होता?' असे पुढे विचारावे. आठवड्याभराने उत्तर येईल, 'मी अडवून बसलो की तो येऊन पकडतो.' हे उत्तर ज्या दिवशी आले, त्या दिवसापासून ते पोर शिकू लागले असे समजावे. आपल्याला त्या खेळातले काही कळण्याची गरज नाही. तालमीच्या काठावर बसणाऱ्या किती म्हाताऱ्यांनी उभ्या जन्मात लंगोट लावला नव्हता. पण प्रश्न विचारायला ते रोज येत, आणि त्यांना उत्तर द्यावे लागते म्हणून पठ्ठे विचार करीत.

गावात चार मुले खेळणारी असतील तर त्यांना आठवड्यातून एकदा एका ओसरीवर बसवावे. दोघांनी खेळावे, दोघांनी मागे उभे राहून पाहावे आणि बोलावे. मग जागा बदलाव्यात. यंत्राने सरावाचा खांब दिला, जोड लावून दिली, लढत जपून ठेवण्याची सोय दिली. मागे उभे राहून 'पाय मागं का ठेवला?' असे आपुलकीने विचारणारा माणूस तेवढा त्याला देता आलेला नाही. तो गावानेच द्यावयाचा आहे, आणि त्याला खर्च काही येत नाही.